नाल्याकाठचा पालक

मार्चच्या शेवटी अंजलीने नाल्याकडच्या चार वाफ्यांत तिसऱ्यांदा मेथी टाकली आणि तिसऱ्यांदाही ती धड उगवली नाही. इकडे पाच काड्या, तिकडे सात. मधल्या जागेत मातीवर पांढुरकी साय धरली होती. सकाळी ओल असेपर्यंत ती दिसायची नाही. ऊन चढलं की पीठ सांडल्यासारखी वर यायची. अंजलीने बोटाने थोडी उचलून जिभेला लावली. खारट, आणि मागून कडवट. ती पटकन थुंकली.

"औंदा ऊन लय हाय," तिची सासू कुसाबाई बांधावरून म्हणाली. "पाऊस पडला का जाईल वाहून."

नाशिकच्या खालच्या अंगाला, गोदाकाठी, त्यांची दोन एकर काळी जमीन होती. एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला नाला. पूर्वी हा नाला दिवाळीनंतर आटायचा. शहर वाढलं, वरच्या अंगाला कारखान्यांच्या शेड झाल्या, तसा तो बारमाही झाला. उन्हाळ्यात विहिरीला दोन तासही मोटार चालत नसे, तेव्हा अंजलीच्या नवऱ्याने, रविराजने, पाच वर्षांपूर्वी नाल्यावर दुसरी मोटार बसवली. आजूबाजूच्या सगळ्यांनीच बसवल्या होत्या. त्या पाण्यावर पालक असा यायचा की पान हातभर.

हा पालक अंजली बाजार समितीत पाठवत नसे. शहरातल्या एका मोठ्या सोसायटीतल्या बायकांचा तिने मोबाइलवर ग्रुप केला होता. सोमवार, बुधवार, शुक्रवार, स्कूटीच्या पुढे-मागे गोण्या बांधून ती स्वतः जुड्या पोचवायची. ग्रुपवर ती सकाळी वाफ्याचा फोटो टाकायची आणि खाली लिहायची, "आमच्या घरी हेच खातो." ते खरंच होतं. तिच्या पाच वर्षांच्या मुलीचं, तेजलचं, हिमोग्लोबिन कमी निघालं होतं, तेव्हापासून कुसाबाई तिला रोज पालक द्यायची. कधी भाजी, कधी डाळीत, कधी भाकरीच्या पिठात.

मेथी तिसऱ्यांदा वाया गेल्यावर अंजलीने चार ठिकाणची माती एका पिशवीत भरली आणि माती तपासणीच्या प्रयोगशाळेत दिली. आठवड्याने अहवाल घ्यायला गेली, तेव्हा टेबलामागच्या मॅडमनी कागदावर पेन ठेवून दाखवलं.

"क्षार खूप वाढलेत. म्हणून बी उगवत नाहीये. निचरा करावा लागेल. चर काढा, चांगलं पाणी भरपूर सोडून माती धुऊन काढा, हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरून गाडा. एकदोन वर्षांत सुधारेल." मग त्यांनी सहज विचारलं, "पाणी कुठलं देता?"

"विहिरीचं." अंजली थांबली. "आणि उन्हाळ्यात नाल्याचं."

"कुठल्या नाल्याचं?"

अंजलीने सांगितलं. मॅडमनी पेन उचललं, टोपण लावलं आणि तिच्याकडे पाहिलं.

"त्या पाण्यावर पालेभाजी घेता?"

"हो."

"मग नुसत्या मातीवर थांबू नका. पानं तपासून घ्या. आमच्याकडे ते होत नाही, खासगी लॅबचा पत्ता देते. शिसं आहे का, कॅडमियम आहे का, ते बघायला सांगा. क्षार निदान दिसतात तरी." त्यांनी चिठ्ठीवर पत्ता लिहिला. "असेलच असं नाही. पण बघून घ्या."

परतीच्या वाटेवर अंजलीने स्कूटी दोनदा बाजूला घेतली. "असेलच असं नाही" हे ती मनात म्हणत राहिली. दोन दिवसांनी, सोमवारी, सोसायटीत नेहमीच्या जुड्या दिल्यावर ती तशीच पुढे लॅबवर गेली. पालक, मेथी, विहिरीच्या पाण्याची बाटली आणि नाल्याकडची माती देऊन आली. अहवालाला दहा दिवस लागतील म्हणाले.

संध्याकाळी तिने रविराजला सांगितलं. तो म्हशीला वैरण टाकत होता. पेंढी तशीच हातात धरून तो उभा राहिला.

"कुणाला बोललीस?"

"नाही."

"मग बोलू नको. अहवाल येऊ दे. अजून काहीच माहीत नाय आणि तू ग्रुपवर टाकशील. उद्या साऱ्या गावाच्या भाजीला कोणी हात लावणार नाय. लहानूआप्पाचं तर सारं रान नाल्यावर हाय."

"आणि दहा दिवस भाजी द्यायची तशीच?"

"पाच वर्षं दिली. दहा दिवसांत काय होणारे?"

त्या वाक्याने अंजलीला धीर आला नाही. पाच वर्षं. तेजलही पाच वर्षांची होती.

मंगळवारी रात्रीच्या जेवणाला तेजलच्या ताटात पालकाची डाळ होती. अंजलीने ताट उचललं आणि दूधभात कालवला. कुसाबाई बघत राहिली.

"काय झालं? मीठ जास्त झालं का?"

"तिला आज दूधभात पाहिजे म्हणाली."

"मी नाय म्हटलं," तेजल म्हणाली.

बुधवारी अंजलीने जुड्या बांधल्या. पालक धुताना तिने नेहमीपेक्षा तीनदा जास्त पाणी बदललं. आत शिरलेलं धुऊन निघत नाही हे माहीत असूनही बदललं. सोसायटीत एकेका दारात जुडी ठेवताना तिला आपले हात दुसऱ्या कुणाचे तरी असल्यासारखे वाटले. कुणी "ताई, आज पालक काय सुंदर आहे" म्हणालं. ती हसली.

शुक्रवारी पहाटे ती वाफ्यात गेली, विळा हातात घेतला आणि कापू शकली नाही. तिने ग्रुपवर लिहिलं, "मोटार जळाली आहे. आठवडाभर भाजी येणार नाही. क्षमस्व."

पाच-सहा जणींनी रडक्या चेहऱ्यांची चिन्हं पाठवली. मग निकिताचा वेगळा निरोप आला. निकिता चौथ्या मजल्यावर राहायची. अंजलीची सगळ्यात जुनी गिऱ्हाईक. तिला लग्नानंतर आठ वर्षांनी मूल झालं होतं.

"अंजलीताई, जमलं तर एकच जुडी द्याल का? मी घ्यायला येईन. बाळाला पंधरा दिवसांपासून पालकाचं सूप सुरू केलंय. बाहेरच्या भाजीचा भरवसा नाही वाटत, म्हणून तुमच्याच पालकाचं देते."

अंजलीने निरोप वाचला आणि मोबाइल पालथा ठेवला. थोड्या वेळाने उचलून परत वाचला. दिवसभर तिने त्याला उत्तर दिलं नाही. संध्याकाळी तो रविराजला दाखवला.

"नाय म्हणून सांग," तो म्हणाला. "शिल्लक नाय म्हण."

"मग ती दुसरीकडून आणेल. तो पण याच नाल्यावरचा निघाला तर? आणि पंधरा दिवस पोटात गेलंय त्याचं काय?"

"अंजे, अहवाल..."

"अहवाल आपल्यासाठी हाय हो. त्या लेकराच्या पोटात काय हाय ते अहवाल येईस्तोवर थांबणारे का?"

शनिवारी दुपारी ती रिकाम्या हाताने निकिताच्या दारात उभी राहिली. निकिताने हसून दार उघडलं. बाळ तिच्या कडेवर होतं, तोंडाला वरण लागलेलं.

"अहो, तुम्ही कशाला आलात उन्हाच्या! मी आले असते की. या ना, पाणी देते."

"पाणी नको, ताई. मोटार जळालेली नाही. मी खोटं बोलले."

मग तिने जसं होतं तसं सांगितलं. पांढरी माती, मॅडमनी विचारलेला नाल्याचा प्रश्न, लॅबमध्ये दिलेली पानं. सांगताना ती बाळाकडे बघायचं टाळत होती. निकिताच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही. हळूहळू, कळत गेलं तसं गेलं.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"माहीत अजूनही नाही. शंका गेल्या शनिवारी आली."

"आणि बुधवारी तुम्ही मला दोन जुड्या दिल्यात."

"हो."

"शंका असताना."

"हो, ताई."

निकिताने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. तिचा आवाज चढला नाही, याचीच अंजलीला जास्त भीती वाटली.

"तुमची मुलगी खाते ना तोच पालक? तुम्हीच लिहिता ना रोज?"

"रोज खाते. मंगळवारपासून बंद केला."

"मंगळवारपासून," निकिता म्हणाली. म्हणजे स्वतःच्या मुलीचं मंगळवारी बंद केलं आणि माझ्या बाळाला बुधवारी दिलं, हे ती बोलली नाही. ते दोघींनाही ऐकू आलं. अंजलीला त्या क्षणी जमीन दुभंगावी असं वाटलं. आपण हे असं मोजलंच नव्हतं. मंगळवार आणि बुधवार तिने एकमेकांशेजारी ठेवून पाहिलेच नव्हते.

"तुम्ही जा आता," निकिता म्हणाली. "अहवाल आला की मला पाठवा. जसाच्या तसा."

अहवाल गुरुवारी आला. विहिरीच्या पाण्यात क्षार होते, पण शिसं नव्हतं. नाल्याकडच्या मातीत होतं. पालकात जेवढं चालतं त्याच्या तिप्पट निघालं, मेथीत थोडं जास्त. अंजलीने कागदाचा फोटो आधी निकिताला पाठवला आणि मग ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "मोटार जळाली होती हे मी खोटं लिहिलं होतं. हा आमच्या भाजीचा अहवाल आहे. फ्रिजमध्ये आमची पालेभाजी असेल तर टाकून द्या. ज्यांच्या घरी लहान मुलं किंवा गरोदर बाई आहे त्यांनी डॉक्टरांना विचारा. चूक माझी आहे."

पाठवण्याआधी तिने तो मजकूर रविराजला वाचून दाखवला. त्याने ऐकला. "चूक माझी आहे" यावर तो म्हणाला, "आमची लिही." तिने तसं केलं.

दुपारपर्यंत ग्रुपमधल्या निम्म्या बायका बाहेर पडल्या. एकीने पोलिसांत जाण्याची भाषा केली. दोघींनी आभार मानले, ते वाचून अंजलीला आणखी कसंतरी झालं. चार वाजेपर्यंत तो फोटो फिरत फिरत गावात आला, आणि लहानूआप्पा ओट्यापुढे येऊन उभा राहिला. तो रविराजचा चुलत चुलता, शेजारच्या रानाचा मालक. साठी ओलांडलेला, पण आवाज खणखणीत.

"सूनबाई, बाहेर ये! काय टाकलंस त्या मोबाइलवर?"

"आप्पा, मी आमच्या भाजीचं टाकलंय. तुमचं नाव कुठं नाय."

"नाव कशाला पाहिजे? नाला एकच हाय ना! व्यापाऱ्याचा फोन आला मला. म्हणतो, आप्पा, तुमच्या गावची कोथिंबीर उद्या आणू नका. चाळीस वाफे उभे हायेत माझे. ते काय मी जाळू?"

"आप्पा, घरात तेजल तोच पालक खात होती..."

"माझी नातवंडं नाय खात? काय झालं त्यांना? घोड्यासारखी पळतात!" आप्पाने रविराजकडे वळून हात झटकला. "शाळा शिकलेली बायको करून आणली आणि गाव बुडवलं."

रविराज ओट्यावरून उतरला. अंजलीला वाटलं, आता तो मान खाली घालेल.

"आप्पा, मला विचारून टाकलंय तिने," तो म्हणाला. "मला बोला काय ते."

आप्पा शिव्या देत निघून गेला. आत कुसाबाई चुलीपुढे बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. अंजली आत आली, तशी ती म्हणाली, "मंजे मी पोरीला इख घालत व्हते?"

"आई, असं नका बोलू. आपल्याला कुणालाच ठाऊक नव्हतं."

"नको म्हणायची ती. तोंड फिरवायची. मी पदर धरून भरवायचे." कुसाबाईने हात मांडीवर पालथे ठेवले, जणू ते आपले नव्हेत. "रगत वाढंल म्हणून भरवायचे गं."

दुसऱ्या दिवशी तिघं जण तेजलला घेऊन शहरात गेले. रक्त काढताना तेजल रडली नाही; कुसाबाई रडली. अहवालाला पुन्हा चार दिवस. त्या चार दिवसांत अंजली तेजलची एकेक गोष्ट निरखत बसली. जेवण कमी का झालं? काल "पोट दुखतं" म्हणाली ते शाळा बुडवायला की खरंच? अंक लिहिताना सात उलटा काढते, तो सगळीच मुलं काढतात का? आधी ज्या गोष्टींवर ती हसायची, त्या गोष्टी आता तिला घाबरवू लागल्या.

आधी निकिताचा निरोप आला. एकच ओळ, "बाळाचं रक्त तपासलं. प्रमाणात आहे." अंजली गोठ्यात होती. ती तिथेच शेणाच्या पाटीशेजारी बसली आणि तिने डोळ्यांना पदर लावला. मग तिने उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी नुसतं "देवाची कृपा" एवढंच पाठवलं.

तेजलच्या रक्तातल्या शिशाचा आकडा साडेआठ आला.

"पाचाच्या आत हवा," डॉक्टर म्हणाल्या. त्या शांतपणे बोलत होत्या. "औषध द्यावं लागेल इतका जास्त नाही. पण दुर्लक्ष करण्याइतका कमीही नाही. मुलांच्या वाढीवर, अभ्यासावर याचा परिणाम होऊ शकतो. घरात काजळ कुठलं वापरता? जुना रंग उडालाय का भिंतीचा? हळद सुटी आणता का?"

"पालकामुळेच झालं ना?" अंजलीने विचारलं.

"त्याचा वाटा असणार. पण एकट्या पालकावर बोट ठेवून मी सांगू शकत नाही. नाल्याच्या मातीत खेळते का?"

अंजलीला आठवलं, तेजल बांधावर मातीच्या चुली करायची. अनवाणी. तीच बोटं तोंडात.

"तिथलं बंद करा. दूध, अंडी, नाचणी, गूळ, लिंबू द्या. अंगात लोह कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं, म्हणून लोहाचं औषध लिहून देते. तीन महिन्यांनी परत तपासू."

"उतरेल ना?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "बहुतेक," त्या म्हणाल्या.

त्या आठवड्यात रविराजने नाल्यावरची मोटार उचलून आणली. उभा पालक त्यांनी उपटला. जनावरांपुढे टाकायचा नव्हता, बाजारात न्यायचा नव्हता, कुजवून परत रानात घालायचा नव्हता. हिरव्यागार पानांचा तो ढीग कुठे टाकायचा हेच कळेना. शेवटी खड्ड्यात प्लास्टिक अंथरून त्यांनी तो पुरला. पुरताना रविराज म्हणाला, "इतका चांगला पालक आपल्याला कधी आला नव्हता."

कुसाबाईने तेजलला भरवणं सोडलं होतं. ताट वाढायची आणि दूर बसायची. एका सकाळी अंजलीने अंड्याचा डबा तिच्यापुढे ठेवला. "आई, माझ्या हातून ती खात नाही. तुम्ही भरवा. अंडी बाहेरून विकत आणलीत, आपल्या कोंबड्यांची नाहीत." कुसाबाईने अंडं उजेडाकडे धरून, फिरवून फिरवून पाहिलं. तिथून पुढे घरात येणारी प्रत्येक वस्तू ती अशीच पाहायची. पण भरवायला लागली.

मे संपता संपता लहानूआप्पा परत आला. या वेळी त्याने हाक मारली नाही. गोठ्याच्या मागच्या बाजूने येऊन तो उभा राहिला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"सूनबाई, ती लॅब कुठं हाय म्हणलीस?"

अंजलीने पुडी उघडली. कोथिंबीर होती, मुळांसकट.

"धाकट्या नातीचं पोट दुखतं सारखं," आप्पा म्हणाला. त्याने तिच्याकडे बघितलं नाही. "तसं काही नसंल. कृमी असतील. पण म्हटलं, बघावं. कुणाला बोलू नको."

"मी येते संगं, आप्पा. नातीलाही घ्या. तिचं रक्तही तपासू."

"रक्त कशाला?" आप्पाचा आवाज एकदम बारीक झाला.

नातीचा आकडा अकरा निघाला. त्यानंतर आप्पा गावात घरोघर फिरला, आणि ज्या आवाजात तो अंजलीवर ओरडला होता त्याच आवाजात ग्रामसभेत बोलला. पंधरा घरांच्या सह्यांचा अर्ज सरकारी कचेरीत गेला. जूनमध्ये तिथली दोन माणसं येऊन नाल्याचं पाणी बाटल्यांत भरून घेऊन गेली. त्यांचा अहवाल कधी येणार, हे विचारायला आप्पा आणि रविराज दर सोमवारी कचेरीत जाऊ लागले. दर सोमवारी त्यांना "प्रक्रियेत आहे" असं सांगण्यात आलं. पाऊस सुरू झाला आणि नाला भरून वाहू लागला. पाणी स्वच्छ दिसत होतं.

नाल्याकडच्या एकरात त्यांनी झेंडू लावला. विहिरीकडच्या रानात चर काढून, पावसाचं पाणी खेळवून धैंचा पेरला. तिथेही धरू लागलेली पांढरी साय थोडी कमी वाटत होती; अंजली रोज बघायची, पण डोळ्यांवर विश्वास ठेवायची नाही. ग्रुप तिने मोडला नाही. त्यात उरलेल्या अकरा जणींना ती अधूनमधून लिहायची, "अजून भाजी नाही. मातीचा नवा अहवाल आला की टाकेन." निकिता ग्रुपमध्ये होती. ती कधी काही लिहीत नसे. जुलैच्या शेवटी मात्र तिचा वेगळा निरोप आला, "तेजलची तपासणी कधी आहे?"

तपासणी त्याच आठवड्यात होती. सुई टोचताना या वेळी तेजल मोठ्याने रडली आणि अंजलीला बरं वाटलं. अहवाल घ्यायला ती एकटी गेली. आकडा सहा पूर्णांक एक होता. डॉक्टर म्हणाल्या, चांगला उतरलाय, हेच सगळं चालू ठेवा, ऑक्टोबरात परत बघू.

बाहेर पाऊस होता. ती दवाखान्याच्या पायरीवर छपराखाली उभी राहिली. आधी निकिताला आकडा पाठवला, मग घरी फोन लावला. पहिल्याच घंटीला कुसाबाईने उचलला, म्हणजे ती फोन हातातच घेऊन बसली असणार.

"किती?"

"सहा, आई. साडेआठावरून सहा."

"मंजे बरं का वाईट?"

"बरं. उतरलंय."

पलीकडे मागे तेजल कशावरून तरी हट्ट करत होती.

"पाचाच्या खाली पाहिजे म्हणली व्हती ना डॉक्टरीण?"

"हो."

"मग अजून उतरंल ना गं?"

अंजलीने पावसाकडे पाहिलं. हाच प्रश्न तिने आत्ता आत पुन्हा विचारला होता, आणि पुन्हा तेच उत्तर मिळालं होतं.

"उतरेल, आई," ती म्हणाली. 'बहुतेक' हा शब्द तिने स्वतःपाशीच ठेवला, फोन बंद केला आणि डोक्यावर पदर घेऊन स्कूटीकडे निघाली.